अकरावा रकाना

एकशे सदतिसाव्या फाइलवरचा नंबर दिताला वाचावाच लागला नाही. गठ्ठ्यातून फाइल ओढून तिने समोर घेतली, पुठ्ठ्याच्या कोपऱ्यातल्या आठ आकड्यांवर नजर गेली न गेली तोच तिने तो ओळखला, आणि मग डोळ्यांनी सावकाश तेच आठ आकडे एकेक करून पटवले. हाच नंबर तिने सहा वर्षं अर्जांवर, पावत्यांवर, वकिलाच्या पाकिटांवर लिहिला होता. झोपेतून उठवून विचारला असता तरी तिने तो म्हणून दाखवला असता. नावं काळ्या शाईने खोडलेली होती, ती तिनेच मागच्या आठवड्यात न वाचता खोडली होती. दोनशे फाइलींमधली नावं खोडताना कोण वाचत बसतं? म्हणजे तिने स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने खोडलं होतं आणि तिला त्याचा पत्ताही लागला नव्हता. पलीकडच्या टेबलावर मेल्विन तोंडात सुपारी चघळत काहीतरी टाइप करत होता. दिताने फाइल मिटली आणि तिच्यावर कॉफीचा कप ठेवला.

ऑफिसात हे काम दर चार वर्षांनी निघत असे. बाप किती कमावतो, आई किती कमावते, मूल कुठे झोपतं, यावरून पोटगी ठरवायचा एक तक्ता होता, आणि तांदूळ महाग होतो, भाडं वाढतं, म्हणून तो तक्ता चार वर्षांनी पुन्हा तपासून घ्यायचा असा कायदा होता. संगणक दोनशे जुन्या फाइली उचलायचा, दिता त्या एकेक उघडून चौदा रकाने भरायची, आणि तो सगळा हिशेब डेन्व्हरला बसलेल्या व्हिटलो नावाच्या अर्थतज्ज्ञ बाईंकडे जायचा. अकरावा रकाना सगळ्यांत सोपा. मूल आईबापांखेरीज तिसऱ्याच कुणाकडे राहतं का? राहत असेल तर एक, नसेल तर शून्य. एकशे छत्तीस फाइलींमध्ये दिताने एकशे छत्तीस शून्यं लिहिली होती. मागच्या आढाव्यातही सगळी शून्यंच होती, त्याच्या मागच्यातही. "आपल्या बेटावर एकही आजी उरलेली नाही बघ," मेल्विन दर वेळी म्हणायचा, "कागदावर सगळ्या वारल्या." हा मेल्विन स्वतः मावशीकडे वाढलेला. त्याच्या आईने कोर्टात काय लिहून दिलं होतं ते त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि विचारायची गरजही नव्हती. सगळ्यांनी तेच लिहून दिलेलं असायचं. मूल आईजवळ राहतं. दुसरं काही लिहिणं म्हणजे मूल टाकलं असं लिहिणं, आणि मूल तर कुणीच टाकलेलं नसायचं. ते नुसतं पलीकडच्या गावात आजीकडे जेवत, झोपत, शाळेत जात, तापाने फणफणत आणि मोठं होत असायचं. बेटावरच्या भाषेत त्याला पोक्साइ म्हणतात, नुसतं वाढवणं. कोंबड्या-डुकरं वाढवायलाही तोच शब्द आहे आणि त्यात देणंही नाही, घेणंही नाही. तो कुठल्या रकान्यात बसवणार?

नियम साधा होता. कर्मचाऱ्याची स्वतःची फाइल नमुन्यात आली तर वरिष्ठांना सांगायचं, मग संगणक दुसरी फाइल देतो. दोन मिनिटांचं काम. दिता उठली, दारापर्यंत गेली, आतल्या खोलीत तक्ता तपासणाऱ्या समितीच्या अध्यक्ष लिसामाबाई फोनवर हसत होत्या, आणि दिता पाण्याची बाटली भरून परत आली. सांगितलं तर बाई फाइल उघडणार. उघडली की दर वर्षीचं प्रतिज्ञापत्र दिसणार, तारखेसकट, सहीसकट: माझी मुलगी माझ्याजवळ राहते. बाईंना खरं ठाऊक नव्हतं असंही नाही. मेल्विनला ठाऊक होतं, खालच्या गार्डलाही ठाऊक होतं, रविवारी मुलीला भेटायला तिची गाडी दक्षिणेकडे वळते हे पाहणारा प्रत्येक माणूस ओळखून होता. पण ठाऊक असणं वेगळं आणि उघडून वाचणं वेगळं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने कप उचलला. पुठ्ठ्यावर कॉफीचं ओलं वर्तुळ उमटलं होतं, ते तिने बाहीने पुसलं, आणि फाइल ड्रॉवरमध्ये टाकून एकशे अडतिसावी उघडली. अकराव्या रकान्यात शून्य लिहिलं. तिचं अक्षर एरवी गोल आणि नेटकं असे, ते शून्य चेपल्यासारखं आलं.

पंधरा दिवसांसाठी. हे दोन शब्द गेली चार वर्षं तिच्या मागे लागले होते. वादळाने मांगिलाओच्या तिच्या भाड्याच्या घराची एक खिडकी चौकटीसकट नेली होती, नळाला सतरा दिवस पाणी नव्हतं, पेट्रोलच्या रांगेत चार-चार तास जात होते, आणि तिची पाच वर्षांची मुलगी तासी ओल्या गादीवर खोकत होती. नवरा इग्नासिओ तोवर सोडून गेलेला, नौदलाच्या नोकरीत वॉशिंग्टनला, पगारातून पोटगी कापून पाठवणारा आणि नाताळला फोन करणारा. त्याची आई तान उर्सुला (वडीलधाऱ्या बाईला इथे तान म्हणतात, पुरुषाला तुन) दक्षिणेला मालेसोला राहायची, समुद्राच्या कडेच्या सिमेंटच्या घरात. तिच्याकडे विहीर होती, गॅस होता, आणि अंगणातल्या चुलीवर वादळ असो नसो भात शिजत असे. "पंधरा दिवस ठेव," तान उर्सुला म्हणाली होती. "पाणी आलं की घेऊन जा." दिताने एका पिशवीत चार फ्रॉक, दातांचा ब्रश आणि कापडाचं कासव भरून पोरीला नेऊन सोडलं. पाणी आलं. मग खिडकी यायची होती. मग दिताने संध्याकाळची दुसरी नोकरी धरली होती, ती सुटायची होती. मग शाळा सुरू झाली, आणि वर्ष मध्येच कसं मोडायचं? एकेक कारण खरं होतं. खोटं एकही नव्हतं, हीच तर पंचाईत होती. तक्ता चार वर्षांनी तपासावा असा कायदा आहे. पंधरा दिवस पुरे झाले का हे कुणी तपासावं असा कायदा कुठे आहे? इग्नासिओच्या पोटगीतले तीनशे डॉलर ती महिन्याला पाकिटात घालून तान उर्सुलाकडे द्यायची, तान उर्सुला पाकीट न उघडता मेरीमातेच्या मूर्तीखाली सरकवायची, आणि उरलेली रक्कम मांगिलाओच्या घराच्या भाड्यात जायची. त्या घरात तासीची खोली होती. पलंग, चादर, भिंतीवर तिच्या उंचीच्या रेघा. शेवटची रेघ दिताच्या कमरेपर्यंत होती, आणि तासी आता तिच्या खांद्याला लागत होती.

रविवारी ती गेली तेव्हा तासी अंगणात बसून मिरच्यांचे देठ काढत होती. दिताने वाकून तान उर्सुलाचा हात नाकाला लावला, मोठ्यांना मान द्यायची इथली रीत तीच. हाताला लिंबाचा आणि खोबऱ्याचा वास होता. घटस्फोटानंतर म्हातारीला काय हाक मारायची हे तिला कधी ठरवताच आलं नव्हतं. आधी ती आई म्हणायची, मग ते अवघड वाटू लागलं, आणि परक्यासारखं तान उर्सुला म्हणायला जीभ वळेना, म्हणून ती हाकच न मारता वाक्य सुरू करायला शिकली होती. तासीने मात्र हातातली मिरची खाली न ठेवता विचारलं, "किती वाजता जाणार?"

"अगं, आत्ता तर आले."

"नाही, मी आपलं विचारून ठेवते. आजीला भात किती टाकायचा ते कळतं."

यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उत्तर देता येतं. पोरगी उठली, आतून फुलाफुलांचा टॉवेल आणून तिने खुर्चीवर ठेवला. तो पाहुण्यांचा टॉवेल. घरातल्या दोघी वापरतात तो निळा, आतल्या खुंटीवर. जेवताना तासी शाळेतलं सांगत होती, पण बोलता बोलता तिचे डोळे तान उर्सुलाकडे जायचे, नाव विसरली की, तारीख चुकली की, आणि म्हातारी ताटातून मान वर न करता ते नाव पुरवायची. दिता हसत होती. तिला त्यातलं एकही नाव माहीत नव्हतं. जेवणानंतर पोरगी चटईवर झोपली तेव्हा दिता तिच्या पायांकडे पाहत बसली. टाचेला जुन्या फोडाची साल निघालेली होती. बूट लहान झाला असणार, आणि कुणीतरी वेळेवर मोठा आणला असणार, आणि तिला ते फोड भरून आल्यावर दिसत होतं.

"गुरुवारी सुनावणी आहे म्हणे," तान उर्सुला भांडी विसळत म्हणाली. "मेयरच्या ऑफिसात कागद लावलाय. नातवंडं सांभाळणाऱ्यांनी यावं, म्हणतात."

तो कागद दितानेच लिहिला होता, एकोणीस गावांना तिनेच पाठवला होता. ती घाईने म्हणाली, "कशाला एवढ्या लांब येता? चारपाच माणसं येतात नुसती. कंटाळा येईल."

"का बरं? म्हाताऱ्यांना बोलावलंय ना? मग म्हाताऱ्यांनी यायचं." तिने पातेलं उपडं घातलं. "तुझं नाक का घामेजलंय? पंख्याखाली सर."

पुढचे तीन दिवस दिताला धड जेवण गेलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तिच्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं. लिसामाबाईंनी सहज "दिता, जरा ये" म्हटलं तरी हातातलं खाली पडायचं. बुधवारी व्हिटलोबाई पडद्यावर आल्या, कानाला लावलेलं यंत्र सारखं करत म्हणाल्या की हा अकरावा रकाना पुढच्या खेपेपासून काढून टाकू या. तीन आढावे शून्यच येतंय, उगाच भरायचा कशाला? आणि मसुद्यातलं ते कलमही काढू, मूल सांभाळणाऱ्या तिसऱ्या माणसाला पोटगी थेट द्यावी असं जे घालायचं म्हणत होतो ते. ज्याला माणूसच नाही त्याच्यासाठी कलम कशाला? त्यांच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. समोर जे आकडे होते त्यांवरून कुणीही शहाणा माणूस हेच म्हणाला असता. "सुनावणीत कुणी काही सांगितलं तर बघू," लिसामाबाई म्हणाल्या, आणि दिताकडे न बघता पुढच्या कागदाकडे वळल्या. न बघता, हे दिताच्या लक्षात राहिलं. तिला वाटलं, बाई मुद्दामच बघत नाहीत. मग वाटलं, आपल्यालाच तसं वाटतंय. ड्रॉवरमधली फाइल तिने त्या दुपारी चार वेळा पाहिली, जागेवर आहे ना म्हणून, जशी काही ती आपण होऊन चालत बाईंच्या टेबलावर जाणार होती. एक म्हणजे काय, हे ती पुन्हा पुन्हा स्वतःला सांगत होती. एक म्हणजे प्रतिज्ञापत्र खोटं. एक म्हणजे नोकरी जाईल, न जाईल. पोटगी नक्की जाईल, मग ते घर जाईल, भिंतीवरच्या रेघांसकट. हे सगळं ती सोसू शकली असती असं तिला अधूनमधून वाटायचं. सोसवत नव्हतं ते वेगळंच होतं. जोवर शून्य होतं तोवर पंधरा दिवस अजून चालू होते. तासी कुठल्याही रविवारी गाडीत बसून घरी येऊ शकत होती. एक लिहिलं की ते पंधरा दिवस संपले.

गुरुवारी चार वाजता खोलीत नऊ माणसं होती आणि खाण्याचे सात फॉइलचे ट्रे. सरकारी सुनावणी असली म्हणून कुणी रिकाम्या हाताने येत नाही. भिंतीवरच्या पडद्यावर व्हिटलोबाईंचा चेहरा होता, बोलणं टिपून घ्यायला कोपऱ्यात दिता, समोर दोनशे ओळींचा छापील तक्ता, आणि मांडीवर, का आणली ते तिलाही न कळता, ती फाइल. तान उर्सुला आली ती चर्चला जायचा फुलांचा झगा घालून, एका हातात ट्रे, दुसऱ्या हातात शाळेच्या गणवेशातली तासी. तासीने दिताला पाहून हात हलवला, ओळखीच्या माणसाला हलवावा तसा, आणि आजीशेजारी बसली.

आधी तुन किको नावाचे म्हातारे उठले. तीन नातवंडं, लहान आहेत, डायपर फार महाग झालेत.

"मुलं कुणाकडे राहतात, तुन किको?" लिसामाबाईंनी विचारलं.

"कुणाकडे म्हणजे? आपल्याकडेच."

"म्हणजे तुमच्याकडे?"

म्हातारे सावध झाले. "नाही नाही. त्यांच्या आईकडे."

"आणि आई?"

"ती नेव्हाडाला असते. पण मुलं आईकडेच आहेत."

खोलीत हसू फुटलं. तुन किकोही हसले, टोपी काढून परत घातली आणि बसले. दिताने लिहिलं: मुलं आईकडे. त्यांच्यामागून एक बाई उठली, मग दुसरी. मुलं आईकडे, मुलं बापाकडे. सगळे जेवणाचं, औषधांचं, शाळेच्या बसचं सांगत होते, अगदी तपशिलात, रोज पहाटे उठवणाऱ्या माणसालाच ठाऊक असेल असं. आणि मूल कुठे असतं म्हटलं की सगळ्यांची तोंडं एकदम भिंतीकडे. मग तान उर्सुला उठली.

"मुलगी कुणाकडे राहते?"

"आईकडे," तान उर्सुला म्हणाली. दिताकडे तिने पाहिलंही नाही. "आई शिकलेली आहे, चांगल्या नोकरीत आहे. मी आपली जेवायला घालते."

"मग आज काय सांगायला आलात?"

"हेच सांगायला आले की पोरांचे पाय वाढतात. तुम्ही चार वर्षांनी तक्ता बघता, म्हणे. हिचा बूट चार महिन्यांत लहान होतो. एकदा मला कळलं नाही, पोरगी बोलली नाही, टाच सोलून निघाली. चार वर्षं फार होतात, बाई. मूल तोवर भलतंच कुणी होऊन बसतं." ती खाली बसली. बसल्यावर तिने तासीचा मोजा वर ओढला.

पडद्यावरून व्हिटलोबाईंनी आभार मानले. मग म्हणाल्या, अकराव्या रकान्याचं उरकून टाकू या. दोनशेच्या दोनशे शून्यच ना?

दिताने समोरच्या तक्त्याकडे पाहिलं. एकशे सदतिसाव्या ओळीत तेरा रकाने तिने कसेबसे भरले होते, अकरावा कोरा होता. "एकशे नव्याण्णव," ती म्हणाली. "एकशे नव्याण्णव शून्यं."

"आणि एक राहिलीय का?"

"राहिली नाही. एक आहे."

"दिता," तान उर्सुला खुर्चीतूनच म्हणाली, हलक्या आवाजात, पोराला चारचौघांत दटावावं तसं. "गप बस."

"बोलू द्या, आई." ही हाक सहा वर्षांनी तिच्या तोंडून गेली आणि तिला ती गेल्यावर ऐकू आली. तिने मांडीवरची फाइल टेबलावर ठेवली, लिसामाबाईंकडे तोंड करून, आणि नंबर म्हणून दाखवला, आठही आकडे, न वाचता. "ही माझी आहे. मुलगी माझ्याकडे राहत नाही. चार वर्षं मालेसोला आजीकडे राहते. बूट आजीने आणले. मी दर वर्षी खोटी सही केली. तुमच्याकडे आलेली सगळी शून्यं अशीच आहेत, बाई. मेल्विनला विचारा. तुन किकोंना विचारा."

दाराशी उभ्या असलेल्या मेल्विनने चघळणं थांबवलं होतं. तुन किको टोपीच्या कडेशी चाळा करत होते. लिसामाबाईंनी फाइलला हात लावला नाही. "हे नोंदीत जाईल, कळतंय ना तुला?" त्या म्हणाल्या.

"नोंद मीच लिहितेय." आणि तिने लिहिलं. अकराव्या रकान्यात इंग्रजी एकाची नुसती एक उभी रेघ. ती जरा वाकडी आली. तिला वाटलं होतं की लिहिल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट आता नवीन भीती येऊन बसली होती, की मागे वळून तासीकडे बघावं लागेल.

सुनावणी संपली तरी माणसं हलेनात. मग तुन किको आपण होऊन उठले, टेबलापाशी आले, आणि कुणाकडेच न बघता म्हणाले की त्यांचं मघाचं जरा दुरुस्त करून घ्यायचं आहे. लिसामाबाईंनी त्यांना खुर्ची दिली. तान उर्सुला मात्र आपला ट्रे उचलत होती. तो अर्धाही संपला नव्हता. दिता हात नाकाला लावायला तिच्यासमोर जाऊन वाकली, पण म्हातारीचे दोन्ही हात ट्रेला लागलेले होते, आणि ती नुसती उभी राहिली. रागाने की काय, तिची हनुवटी हलत होती.

"मूल दिलं नव्हतंस तू मला," ती म्हणाली. "आता कागदावर दिलंस."

दिता तशीच वाकलेली राहिली, कंबर भरून आली तरी. तासी दोघींच्या मध्ये उभी होती. तिने एकदा आजीकडे पाहिलं, एकदा दिताकडे, मग आजीचा झगा ओढून विचारलं, "आजी, रविवारी भात किती जणींचा टाकायचा?"

"तिलाच विचार," तान उर्सुला म्हणाली. "आकडे तिला कळतात."

"तिघींचा," दिता म्हणाली.

तान उर्सुलाने ट्रे तासीच्या हातात दिला, उजवा हात झग्याला पुसला, आणि दितापुढे केला.